दादरहून कसाऱ्याला : दुसरी-तिसरीच्या मुलांसाठी शहर-गावाचे वाचन-व्याकरण पाठ

'शहर आणि गाव' हा पाठ पहिल्यांदा घेतला तेव्हा मी फळ्यावर मधोमध रेघ मारली. डावीकडे शहर, उजवीकडे गाव. सांगा रे, काय कुठे असतं? कुणीतरी 'गाय' म्हणालं. मी खडू उजवीकडे नेला, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, आमच्या देवळापाशी रोज असते की गाय. चारा विकणारी मावशी घेऊन बसते." 'मोबाइल' डावीकडे लिहिला, तर एक मुलगी म्हणाली, "गावाला माझ्या काकाकडे आहे, तुमच्यापेक्षा मोठा." वरळी कोळीवाड्यातल्या एका मुलाला विचारलं, तुझं गाव कोणतं? तो म्हणाला, "हेच." तास संपायच्या आत मी ती रेघ पुसली.

मुंबईतल्या मराठी मुलाच्या डोक्यात शहर आणि गाव असे दोन कप्पे नसतात. मे महिन्यात आणि गणपतीत तो गावी असतो, एरवी गावाकडून तांदळाचं पोतं आणि आंब्याची पेटी घरी येत असते. काहींचं गाव सुटलेलं असतं, काहींचं गाव मुंबईच्या पोटातच असतं. म्हणून मी हल्ली हा पाठ कसारा लोकलवर घेते. दादर, कुर्ला, ठाणे, कल्याण, टिटवाळा, आसनगाव, कसारा. एकाच गाडीच्या खिडकीतून चाळी, टॉवर, खाडी, भातशेती आणि डोंगर दिसतात, आणि शहर नेमकं कुठे संपलं हे कुणालाच सांगता येत नाही. वाचन आणि व्याकरण दोन्ही या वाटेवर बसतं.

पुढचं सगळं दुसरी-तिसरीच्या मुलांसाठी आहे, साधारण तीन आठवड्यांचं, रोज वीस-पंचवीस मिनिटं. वर्गात चालतं, घरी एकट्या मुलाबरोबरही चालतं.

तयारी

फार काही लागत नाही. जुन्या लग्नपत्रिका कापून पत्त्यांएवढे तुकडे करा. कागद जाड असतो, मुलांच्या हातात टिकतो. जुन्या कॅलेंडरची पानं, मागच्या कोऱ्या बाजूसाठी. जाड स्केचपेन. आणि शेवटच्या आठवड्यासाठी माणशी एक पोस्टकार्ड.

शब्द गोळा करा, यादी देऊ नका

पहिले दोन दिवस पुस्तक उघडायचं नाही. मुलाला शाळेच्या वाटेवर दिसलेल्या दहा वस्तू विचारायच्या, आणि गावाच्या वाटेवरच्या दहा. गावाला जात नसलेल्या मुलाने आजी-आजोबांना किंवा शेजाऱ्यांना विचारून यायचं. मूल म्हणेल तोच शब्द लिहायचा. 'अग्निरथ' नाही, 'लोकल'. 'उद्वाहन' नाही, 'लिफ्ट'. एका तुकड्यावर एक शब्द.

इथे काही शब्द स्वतःहूनच गंमत करतात, त्यांना जरा वेळ द्या. 'माळा' घ्या. मुंबईचं मूल म्हणतं, "आम्ही तिसऱ्या माळ्यावर राहतो." गावाकडचं मूल म्हणतं, "माळ्यावर गवत ठेवलंय." 'वाडी' गिरगावात चाळींची असते, कोकणात नारळाची असते किंवा गावाचा एक भाग असते. माझ्या वर्गात या दोन शब्दांवर एक अख्खा तास गेला. एका शब्दाचे दोन अर्थ ही गोष्ट मुलांना त्या तासात कळली. व्याख्या दिली असती तर कळली नसती.

मालवणी घरातलं मूल 'मला'ऐवजी 'माका' म्हणेल. ते चूक म्हणून खोडू नका. दोन तुकडे करा, एकावर 'माका', दुसऱ्यावर 'मला', आणि जोडी लावून ठेवा. घरचा शब्द आणि पुस्तकातला शब्द. मूल दोन्ही सांभाळतं, आपल्याला वाटतं त्याहून सहज.

दोन पहाटा

तिसऱ्या दिवशी वाचन. मजकूर मी स्वतः लिहून आणते, जोडाक्षरं टाळून. हे दोन उतारे वापरून बघा.

पहाटे आई उठते. नळाला पाणी येतं. हंडा भरतो. कळशी भरते. पिंप भरतं. नळ सूं सूं करतो. पाणी गेलं.

पहाटे आजी उठते. विहिरीवर जाते. विहीर खोल आहे. रहाट कुरकुरतो. दोर ओला आहे. बादली वर येते. बादलीत आभाळ दिसतं.

वाचण्याची पद्धत अशी. आधी तुम्ही वाचा, बोट शब्दांखाली सरकवत, घाई न करता. मग सगळ्यांनी मिळून. मग जोड्यांनी, एकाने आईची पहाट, दुसऱ्याने आजीची. एकट्याने वाचणं शेवटी. मूल अडखळलं तर लगेच शब्द सांगू नका, मनात पाच आकडे मोजा. 'कु-र-कु-र-तो' असं सुटं वाचलं तर पूर्ण वाक्य एकदा तुम्ही म्हणा आणि त्याच्याकडून पूर्ण वाक्यच म्हणवून घ्या. शब्द फोडून वाचायची सवय लागली की अर्थ हरवतो.

मग प्रश्न. "आई कधी उठते?" हा प्रश्न एखादा पुरे, त्याचं उत्तर उताऱ्यात आयतं आहे. खरा प्रश्न हा : बादलीत आभाळ कसं दिसेल? आणि नळ सूं सूं का करतो? दुसऱ्याचं उत्तर चाळीतल्या प्रत्येक मुलाला येतं, पाणी जायच्या वेळी नळातून हवा येते ते त्यांनी ऐकलेलं असतं. उताऱ्यात नसलेलं उत्तर स्वतःच्या घरातून आणणं हेही वाचनच.

तिसरीच्या मुलांना इथेच पुढचा प्रश्न टाकते : नळाला पाणी येतं कुठून? मुंबईला सात तलावांचं पाणी मिळतं. तुळशी आणि विहार मुंबईच्या हद्दीत आहेत, त्यातला विहार १८६० सालचा. बाकीचे तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा आणि भातसा लांब आहेत. तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात, म्हणजे आपल्या कसारा लोकलच्याच बाजूला. वाक्य फळ्यावर लिहा : "पाणी गावाकडून शहराकडे येतं." 'कडून' आणि 'कडे' अधोरेखित करा. शब्दयोगी अव्यय हे नाव आत्ता नको, पण कुठून निघालं आणि कुठे पोचलं हे त्या दोन शब्दांवरून कळतं, एवढं मुलांना दिसू द्या. एकदा एका मुलीने विचारलं, मग तिथल्या लोकांना भरपूर पाणी मिळत असेल ना? नाही. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो. हे मी तिला सांगितलं. मुलांपासून ते लपवावं असं मला वाटत नाही.

हंडा, कळशी, पिंप

पहिल्या उताऱ्यात तीन भांडी का घेतली ते आता उघड होईल. हंडा भरला. कळशी भरली. पिंप भरलं. ही तीन वाक्यं पाठ झाली की तिन्ही लिंगं हातात आली.

पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग हे शब्द दुसरीत आणू नयेत असं माझं ठाम मत आहे. तो, ती, ते पुरतात. आणि त्याहून सोपी चाचणी म्हणजे आला-आली-आलं. बस आली, टेम्पो आला, स्टेशन आलं. तुकड्यांवरचे सगळे शब्द या चाळणीतून काढा. मुलं जमिनीवर तीन ढीग करतात : लिफ्ट, रिक्षा, विहीर, म्हैस एकीकडे, सिग्नल, ट्रॅक्टर, डोंगर, मोबाइल दुसरीकडे, शेत, ऑफिस, झाड तिसरीकडे. इंग्रजीतून आलेल्या शब्दांनाही मराठीने लिंग देऊन टाकलं आहे, आणि मुलांना ते न शिकवता येतं, हे बघून पालकांना नवल वाटतं.

'गाव' शब्दावर भांडण होणार, होऊ द्या. सांगलीकडचं मूल म्हणेल "आमचा गाव", दुसरं म्हणेल "आमचं गाव". दोघंही बरोबर. गाव शब्द दोन्ही लिंगांत चालतो. आम्ही तो तुकडा दोन ढिगांच्या मधल्या फरशीवर ठेवतो.

ज्यांच्या घरी मराठी बोलली जात नाही किंवा हिंदी जास्त कानावर पडते, त्यांना तिसरा ढीग जड जातो, कारण हिंदीत नपुंसकलिंग नाही. ती मुलं "पाणी आला", "झाड पडला" म्हणतात. त्यांना नियम सांगून उपयोग होत नाही. खाण्याचे पदार्थ आणा : वडापाव खाल्ला, भाकरी खाल्ली, केळं खाल्लं. रोज मधल्या सुट्टीनंतर प्रत्येकाने डब्यातलं काय खाल्लं ते पूर्ण वाक्यात सांगायचं. पंधरा दिवसांत फरक पडतो.

मुंबईतली आणखी एक सवय : मुली "मी गेली", "मी बोलली" म्हणतात. मी मध्ये तोडत नाही. ती म्हणते, "बाई, मी गावाला गेली." मी म्हणते, "हो का? मी पण गेले होते. तू कधी गेलीस?" बरोबर रूप कानावर पडतं, आणि सगळ्या वर्गासमोर तिचं तोंड बंद होत नाही.

एक-अनेकसाठी तेच तुकडे उलटे करा आणि मागे अनेकवचन लिहा. हंडा-हंडे, आंबा-आंबे, रस्ता-रस्ते ही सोपी. बैल-बैल, डोंगर-डोंगर ही मुलांना खोटी वाटतात. "बाई, एक बैल आणि दहा बैल सारखेच?" शब्द सारखा, पण वाक्य बघा : बैल आला, बैल आले. चाळ-चाळी पण वाट-वाटा, इथे नियम शोधत बसू नका, कानाने शिकू द्या. पिंप-पिंपं की पिंप-पिंपे? बोलताना पिंपं, पुस्तकात पिंपे. झाडं-झाडे, शेतं-शेते तसंच. दोन्ही वाचता आलं पाहिजे, लिहिताना एका वहीत एकच पद्धत.

स्टेशनांवर भेटणारं सामान्यरूप

हा भाग मला सगळ्यात आवडतो, आणि पुस्तकातल्या तक्त्यात तोच सगळ्यात रूक्ष असतो.

फळ्यावर आडवी रेघ ओढा, तिच्यावर स्टेशनं : दादर, कुर्ला, ठाणे, डोंबिवली, कल्याण, आसनगाव, कसारा. प्रत्येक मूल एकेक स्टेशन. एकजण गार्ड. गार्ड विचारतो, "कुठे निघालात?" उत्तर पूर्ण हवं.

मी दादरला निघालो. मी कल्याणला निघाले. मी डोंबिवलीला निघालो. इथपर्यंत काहीच झालं नाही, नाव होतं तसं राहिलं आणि 'ला' चिकटला. मग कुर्ला येतं. "मी कुर्लाला..." आणि वर्ग हसतो. का हसतो? कारण सगळ्यांना माहीत आहे, कुर्ल्याला. ठाण्याला. कसाऱ्याला. 'ला' लागण्याआधी नाव बदललं, त्या बदललेल्या रूपालाच सामान्यरूप म्हणतात. आता मुलांनाच विचारा, कोणती नावं बदलतात? थोडा वेळ द्या, त्यांना सापडतं : शेवटी 'आ' किंवा 'ए' असलेली. कुर्ला, वडाळा, भायखळा, सातारा. ठाणे, पुणे, वांद्रे. मग गावाची नावं आणा : रत्नागिरीला, मालवणला, साताऱ्याला.

आता फसवा. गाव, गावाला. मग गोरेगाव? मुलं म्हणतात गोरेगावला. आणि लालबागला, पण बागेला. साधा शब्द बदलतो, तोच शब्द ठिकाणाच्या नावात आला की बदलत नाही. हे फार समजावू नका. दाखवून पुढे चला.

एक चूक मला दरवर्षी भेटते आणि दरवर्षी आवडते. मुलांना 'गावी' येतं, 'घरी' येतं. मग एखादं मूल लिहितं, "मी शहरी राहतो." तर्क अगदी बरोबर आहे. पण 'शहरी' म्हणजे शहरातला, जसं शहरी माणूस. राहायचं ते शहरात. 'ई' हा जुना प्रत्यय घरी, गावी, दारी अशा मोजक्या शब्दांना चिकटून राहिला आहे. बाकीच्यांना 'त' : शेतात, चाळीत, मुंबईत. लाल शाई नको, त्या मुलाला शाबासकी द्या आणि शेजारी 'शहरात' लिहा.

तिसरीच्या मुलांसाठी शुद्धलेखनाचा एक धागा इथेच जोडता येतो. विहीर, पण विहिरीत. जमीन, पण जमिनीवर. फूल, पण फुलाला. प्रत्यय आला की आतली दीर्घ वेलांटी किंवा दीर्घ उकार ऱ्हस्व होतो. आजीच्या उताऱ्यात 'विहिरीवर' आणि 'विहीर' लागोपाठच्या वाक्यांत आहेत, ते मुद्दाम. मुलांना म्हणायचं, एकाच शब्दाच्या दोन वेलांट्या शोधा. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द हे पाळत नाहीत, शरीर-शरीरात. ते वरच्या वर्गात.

र्य आणि ऱ्य

कसाऱ्याला लिहिताना एक अक्षर आडवं येतं, म्हणून त्याला वेगळा दिवस. फळ्यावर दोन शब्द लिहा : दर्या, दऱ्या. पहिला समुद्र, वरळीच्या मुलाच्या दारातला. दुसरा दरीचं अनेकवचन, कसारा घाटातला. आधी बोलून घ्या. 'दर्-या' म्हणताना र च्या आधीच्या द वर जोर बसतो, 'दऱ्या' म्हणताना तो बसत नाही, र हलकेच निसटतो. मग वाक्यं : कोळी दर्यावर गेले. घाटात खोल दऱ्या आहेत. शेतकऱ्याचा, वाऱ्यावर, किनाऱ्याला, दुसऱ्या माळ्यावर, हे सगळे दऱ्यांच्या बाजूचे. सूर्य, कार्य दर्याच्या बाजूचे. मुलं हवेत बोटाने काढतात, एकाचा रफार डोक्यावर, दुसऱ्याची चंद्रकोर कमरेला.

उच्चाराचं आणखी एक : चाळ आणि चहा यांतला 'च' एक नाही. चाळ, चाक यांतला दातांजवळचा, चहा, चिमणी यांतला टाळूचा. लिहायला अक्षर एकच, म्हणून घरी मराठी नसलेलं मूल चाळ वाचताना चहातला च काढतं. मोठ्याने वाचून दाखवण्याशिवाय याला उपाय नाही.

रोज, काल, मे महिन्यात

काळ शिकवायला दोन तास पुरतात. सुरुवातीचे शब्द ठरलेले ठेवा : रोज, काल, मे महिन्यात. रोज मी लोकलने जातो. काल मी लोकलने गेलो. मे महिन्यात मी एसटीने गावी जाईन. प्रत्येक मुलाने स्वतःची तीन वाक्यं करायची. आईची पहाट 'काल'मध्ये बदलून लिहायला द्या : पहाटे आई उठली, नळाला पाणी आलं, हंडा भरला. इथे लिंग, वचन, काळ सगळं एकदम तपासलं जातं, वेगळी परीक्षा लागत नाही.

वेगाबद्दल पालक नेहमी विचारतात. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या शेवटी किमान ६० शब्द समजून वाचता यावेत असं लक्ष्य आहे. त्यातलं 'समजून' विसरू नका. मी घड्याळ महिन्यातून एकदाच लावते, तेही मुलाला न दाखवता. साठ शब्द धडाधड वाचून, पिंप कुणी भरलं ते न सांगता येणाऱ्या मुलापेक्षा चाळीस शब्द वाचून हसणारं मूल पुढे आहे.

पोस्टकार्ड

शेवटचा आठवडा लेखनाचा. पाच वाक्यांचं पत्र. एक वाक्य 'रोज'चं, एक 'काल'चं, एक 'मे महिन्यात'चं, एक प्रश्न आणि एक मुलाला हवं ते. आधी वहीत, मग कार्डावर. वहीतलं पत्र मुलाने स्वतःच मोठ्याने वाचायचं. अर्ध्या चुका त्याच्या कानालाच सापडतात.

खरा धडा पत्त्यात आहे. गावाचा पत्ता वाचा : मु. पो., ता., जि. मुलांना ही चार छोटी अक्षरं म्हणजे गुप्त भाषा वाटते. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. मग स्वतःचा पत्ता : खोली क्रमांक, माळा, चाळीचं किंवा इमारतीचं नाव, गल्ली, रस्ता, विभाग, मुंबई. एकात घर सापडायला गावाचं आणि माणसाचं नाव पुरतं, दुसऱ्यात माळ्याचा आकडा चुकला तर पत्र शेजारी जातं. खाली पिनकोड, सहा आकडी, १९७२ पासूनचा. मुंबईचा ४०० ने सुरू होतो, गावाचा कुठल्या आकड्याने होतो ते मुलांनी घरी विचारून आणायचं. दोन-तीन मुलांना स्वतःच्या घराचा पूर्ण पत्ता माहीत नसतो हेही त्या दिवशी कळतं, आणि मुंबईसारख्या ठिकाणी ते कळलेलं बरं.

पत्राच्या तासाला 'हेच' म्हणणाऱ्या त्या कोळीवाड्याच्या मुलाने विचारलं, मी कुणाला लिहू? त्याची मावशी वेसाव्याला राहते. त्याने लिहिलं, "काल बोंबील सुकत घातले. मे महिन्यात मी वेसाव्याला येईन." वेसावे, वेसाव्याला, न सांगता जमलं. मुंबईहून मुंबईला गेलेलं ते कार्ड तिसऱ्या दिवशी पोचलं. साताऱ्याचं तेव्हा वाटेतच होतं.